शेहेचाळीस फूट खाली

बाबा गेले ते आषाढात, तीन दिवस धार न तुटता पाऊस पडत होता तेव्हा. स्मशानातल्या शेडवरचा एक पत्रा उडालेला होता. लाकडं भिजलेली. गावातल्या दुकानात राळ होती नव्हती तेवढी आणली, ती अर्ध्या तासात संपली. चिता धुमसत राहिली. वाडीतले लोक पोत्यांखाली डोकी झाकून उभे होते आणि कोणी काही बोलत नव्हतं. घरी आल्यावर आईने एकच विचारलं, ‘नीट पेटलं ना गो?’ मी हो म्हटलं. तिला ते खोटं कळलं असणार, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

बाबा गवंडी होते. रत्नागिरीच्या आसपासच्या सहा-सात गावांत त्यांनी बांधलेली चिऱ्यांची घरं अजून उभी आहेत. स्वतःच्या परड्यात मात्र विहीर नव्हती. वाडीच्या विहिरीला चैत्रात पाणी खाली जायचं आणि वैशाखात टँकरची वाट बघायची, हे मी लहानपणापासून बघत आले. घरामागे एका जागी त्यांनी एक चिरा उभा रोवून ठेवला होता. ‘इथे पाणी आहे,’ म्हणायचे. वयाच्या ७१व्या वर्षी ते गेले तेव्हा तो चिरा शेवाळाने हिरवा झाला होता. मी मुंबईची नोकरी सोडून आईजवळ राहायला आले आणि ठरवलं, विहीर काढायची.

फाल्गुनात पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून परडंभर फिरला. बाबांच्या चिऱ्यापासून पाच पावलांवर नारळ उभा राहिला. आई म्हणाली, ‘चिऱ्याजवळच खणा.’ तात्या मुकादम पाणाड्याकडे बघत राहिले, पण आईपुढे त्यांचं चाललं नाही. नारळ फोडला, पहिली पहार तिच्याच हातून मारून घेतली.

काम करणारी दोन जोडपी होती, कर्नाटकातून दरवर्षी येणारी. पुरुष खाली पहार-टिकाव चालवायचे, बायका वर घमेली रिकामी करायच्या. दहा फुटांनंतर माती वर ओढायला यारी लावली. पंधरा फूट व्यासाचा गोल, रोज हातभर, कधी दोन हात खाली जाणारा. मी रोज सकाळी चहा घेऊन जायची आणि दुपारपर्यंत तिथेच बसायची. दुसरं काही सुचत नव्हतं, हेही खरं.

पहिले अठरा फूट जांभा. हा दगड मी जन्मापासून पायाखाली, भिंतीत, कुंपणात बघितलेला, पण कापलेला उभा थर पहिल्यांदाच बघत होते. वर लालभडक, भोकाभोकांचा. खाली जाईल तसा मऊ, ओलसर, मांसासारखा ठिपक्यांचा. बाबा सांगायचे, चिरा खाणीतून काढताना कुऱ्हाडीनेही तासता येतो. एकदा वारा लागला की दिवसेंदिवस घट्ट होत जातो. नवा चिरा ते लगेच भिंतीत घालत नसत. ‘त्याला जरा उन्हात बसू दे, त्याला अजून कळलं नाही आपण दगड आहोत ते.’

जांभा म्हणजे खरं तर धुऊन उरलेला दगड. मूळ खडकावर लाखो वर्षं पाऊस पडला, त्यातला चुना, सिलिका असं जे विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, आणि न वाहणारं लोह आणि ॲल्युमिनियम गंजून मागे राहिलं. हे मला पुढे कळलं, एका निवृत्त भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडून. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली की ती माझ्या डोक्यातून जात नाही: जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हाड टिकत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कातळशिल्पं आहेत ना, तीच घ्या. उक्षीचा हत्ती, बारसू, देवीहसोळ, आणि कशेळीचा तो अठरा मीटरांचा हत्ती, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी तर गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ही ठिकाणं गेली. अभ्यासक त्यांचा काळ दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. ज्यांनी इतकं खोदलं, त्या माणसांची हाडं त्या सड्यावर उरलेली नाहीत. रेघा उरल्या. आमच्या लहानपणी आजी सांगायची की ती पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रं. कोणाचं तरी नाव हवं होतं, म्हणून घरातलं नाव दिलं.

अठरा फुटांनंतर शेडी लागली. पांढरी, मग पिवळसर, मध्येच जांभळट पट्टे. हाताला साबणासारखी लागणारी ही माती दिसायला सुंदर आणि खणायला वाईट. ती घसरते. एके दिवशी दुपारी भिंतीचा ट्रॅक्टरभर ढेपा सुटून खाली आला. पाच मिनिटांपूर्वी तिथे वाकून खणणारा माणूस पाणी प्यायला वर आलेला होता. त्याची बायको काही न बोलता खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. तात्यांनी काम थांबवलं. आठ दिवस नुसतं कडं बांधण्यात गेले, तेव्हा कुठे पुढे जाता आलं. त्या आठ दिवसांत आई त्या दोन्ही जोडप्यांना जेवायला घालत होती आणि मला म्हणत होती, पुरे झालं, बुजवून टाक. मी बुजवली नाही. माझा तो हट्ट योग्य होता का, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

चौतीस फुटांवर माती एकाएकी काळी झाली.

एवढं खोल गेल्यावर सकाळी पहिल्यांदा दोराला बांधून पेटता दिवा खाली सोडायचे. दिवा विझला नाही तरच माणूस उतरायचा. त्या दिवशी दिवा जळत राहिला, माणूस उतरला आणि पहिली बादली वर आली ती गडद निळसर-काळ्या मातीची. तात्यांनी ढेकूळ हातात घेऊन हुंगलं. ‘चाळीस वर्सं हिरी काढतोय बाय, अशी माती दोनदाच बगितली.’ वास गंधकासारखा होता, आणि त्याच्या मागे आणखी कसला तरी.

वर काम करणाऱ्या दोघींपैकी थोरलीने ढेकूळ फोडलं. ते थाळीसारखं सपाट उकललं आणि आत पान होतं.

छाप नव्हे, पान. काळं, पातळ, मधली शीर आणि दोन्ही बाजूंना जाणाऱ्या उपशिरा अगदी स्वच्छ. टोक निमुळतं. लांबी माझ्या तर्जनीएवढी. एका कडेला किड्याने खाल्ल्यासारखा अर्धगोल तुकडा गेलेला. आम्ही तिघी त्यावर वाकलो. थोरली म्हणाली, ‘आंब्याचं?’ मी म्हटलं, माहीत नाही. मोबाइल घरात होता. मी धावत गेले, धावत आले. फार तर चार मिनिटं. ऊन वैशाखाचं. तेवढ्यात मातीचा पृष्ठभाग सुकून पांढुरका झाला होता, पानाच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर समुद्राकडून वाऱ्याची एक झुळूक आली आणि ते पापुद्र्यापापुद्र्याने उडालं. उरलं ते मातीवर एक तपकिरी पुसट काहीतरी.

मी तिथेच रडले. बाबा गेल्यानंतर इतकी पहिल्यांदाच. थोरलीला वाटलं मला काही चावलं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतल्या त्या सरांना फोन केला. ते पंचाहत्तरीचे आहेत. संध्याकाळच्या आत रिक्षाने आले, काठी टेकत विहिरीच्या काठाशी गेले आणि पहिलं वाक्य बोलले ते ‘ओलं ठेवा, सगळं ओलं ठेवा.’ ढेकळं ओल्या वर्तमानपत्रात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला त्यांनी शिकवलं. मग खुर्चीवर बसून सांगू लागले.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत जांभ्याच्या खाली ठिकठिकाणी हा थर आहे. विहिरी खणणाऱ्यांनाच तो प्रथम सापडला आणि एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या नोंदी आहेत. कोळशाच्या वाटेवर अर्ध्यात थांबलेलं लाकूड म्हणजे लिग्नाइट, पानं, परागकण, राळेचे खडे. काळ मायोसीन, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या मधला. तेव्हा इथे दमट सदाहरित जंगल होतं आणि खाडीकाठच्या चिखलात त्याचा पाला पडत होता. चिखलात हवा नव्हती म्हणून पान कुजलं नाही. एवढंच कारण. ते पान काही विशेष नव्हतं. त्याच झाडाची बाकीची लाखो पानं दोन हातांवर कोरड्यात पडली आणि त्याच पावसाळ्यात माती झाली.

मी विचारलं, काल उडालं ते? सर म्हणाले, ‘हवा लागली. जे तेव्हा व्हायचं ते काल झालं.’

मग त्यांनी विचारलं, मुंबईत कुठे होता? वरळीला, म्हटलं, एका कार्यालयात हिशेबाच्या कामाला, बावीस वर्षं. त्यांचा चेहरा उजळला. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ आहे, त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी पाच वर्षं आधी घडवला तेच हे. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात बेडूक आले, ओरडले, अंडी घातली, आणि मग पुढचा लाव्हा आला. मी बावीस वर्षं त्या टेकडीखालून बसने गेले.

त्या रात्री झोप लागली नाही. हिशेबाची सवय असल्यामुळे मी हिशेबच करत बसले. झेरॉक्सच्या पाचशे कागदांचा गठ्ठा साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे एक कागद मिलिमीटरचा दहावा भाग. बाबांचं आयुष्य, ७१ वर्षं, एक कागद. त्यावर कागद रचत गेलं तर कातळशिल्पांपर्यंत, दहा हजार वर्षांपर्यंत, पोहोचायला बोटभर जाडीही लागत नाही. एक कोटी वर्षांना मात्र चौदा मीटर लागतात. शेहेचाळीस फूट. तेव्हा विहीर पुरी व्हायची होती. शेवटी ती नेमकी शेहेचाळीस फुटांवर थांबली, आणि त्याने मी आणखी अस्वस्थ झाले. एक विहीर म्हणजे एक कोटी. ते पान अर्ध्या विहिरीपेक्षा जुनं, कदाचित दोन विहिरींएवढं. त्याच्याखालचा काळवत्री, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, साडेसहा विहिरींहून खोल.

अशा वेळी लोक म्हणतात की एवढ्या काळापुढे माणूस किती क्षुद्र, मग दुःख कशाला करायचं. दिवसकार्याला आलेल्या कितीतरी जणांनी मला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि त्या रात्री कागदावर आकडे मांडूनही पटलं नाही. मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे शून्य नव्हे. शून्य आणि शून्याजवळचं यांत गल्लत झाली तर ताळेबंद लागत नाही, हे मी बावीस वर्षं बघितलं आहे. त्या एका कागदावर घरं आहेत, त्यांच्या भिंती अजून ओळंब्यात आहेत.

तरी भीती वाटली, ती कशाची ते नीट सांगायचं तर दोन दिवसांनंतरचं सांगावं लागेल. काळी माती पाच फूट होती. ती संपली त्या दिवशी तात्यांनी मला यारीच्या बादलीतून खाली उतरू दिलं. खाली गारवा, पाण्याचा ठिबक आणि वर ताटाएवढं आकाश. समोरच्या भिंतीत लाकडाचा एक ओंडका आडवा अडकला होता, काळा, वजनाने दबून चपटा झालेला. नखाने त्याचे तंतू सुटत होते. कुठे कुठे पितळेसारखे कण चमकत होते. खणणाऱ्यांना आधी ते सोनं वाटलं होतं. ते लोह आणि गंधक यांचं खनिज होतं, आणि त्यानेच तो वास येत होता. सरांनी बजावलं होतं की या थराचं पाणी विहिरीत येऊ देऊ नका, ते लोखंडी आणि आंबट असतं, म्हणून पुढे तो पाच फुटांचा पट्टा आम्ही सिमेंटने बंद केला. म्हणजे आज तो कोणालाच दिसत नाही.

पण मी सांगत होते ते काळ्या मातीच्या खालच्या कडेबद्दल. तिथे अंगठ्याएवढ्या जाडीचा गंजलेला, कडक पापुद्रा होता आणि त्याच्याखाली लगेच काळवत्री. हा दगड ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, ज्या लाव्हाने सह्याद्री घडवला. आणि वरची माती फार जुनी धरली तरी सव्वादोन कोटींची. मी एक बोट मातीवर ठेवलं, दुसरं दगडावर. दोन बोटांच्या मध्ये निदान चार कोटी वर्षं होती. त्या चार कोटी वर्षांत हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून सरकत वर आला, आशियाला धडकला, हिमालय उभा राहू लागला. इथे या जागी चार कोटी पावसाळे पडले, झाडं उगवली, त्यांच्यावर काही बसलं, ओरडलं, मेलं. आणि आमच्या भिंतीत त्यांतलं काहीही नाही. झिजून गेलं. चार विहिरींएवढे कागद, आणि त्यांच्या जागी अंगठाभर गंज.

भीती त्याची वाटली. पान उरलं याचं आश्चर्य मी दोन दिवस करत होते. आता कळलं की नियम तो अंगठाभर पापुद्रा आहे. मी त्याच्यावर हात ठेवून किती वेळ उभी राहिले माहीत नाही. वरून तात्यांनी हाक मारली, ‘बाय, हायस ना गो?’ मी म्हटलं, ‘आहे.’ आवाज विहिरीत घुमून माझ्याकडेच परत आला.

काळवत्रीत पहारीचं काम नव्हतं. सुरुंगवाला आणला, रीतसर परवानगीचा. तीन दिवस स्फोट, धूर, आणि दगड उपसणं. सात फूट गेल्यावर दगडाच्या भेगेतून झरा लागला, बाबांच्या चिऱ्याच्या बाजूने. पाणी गार, स्वच्छ, कसलाही वास नसलेलं. मे महिन्याच्या वीस तारखेला तळाशी चार फूट पाणी उभं होतं, त्यामुळे बारमाही पाण्याची काळजी नाही असं तात्या म्हणाले. त्या जोडप्यांची पाठवणी केली. थोरलीने जाताना पदराच्या गाठीतून दोन खडे काढून माझ्या हातावर ठेवले. सुपारीएवढे, पिवळट तपकिरी, उजेडाकडे धरले तर मधासारखे. काळ्या मातीतून तिने वेचून ठेवले होते. एकाला तिने आधीच काडी लावून बघितली होती, त्याची कड काळी पडली होती. ‘वास बघा ताई,’ म्हणाली.

मी हुंगलं, आणि पहिल्या दिवशी त्या मातीला गंधकाच्या मागे कसला वास होता ते कळलं. राळ होती ती. चितेवर टाकतात तीच.

सरांना दाखवले. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, आत किडा आहे का म्हणून, नव्हता. झाडाच्या जखमेतून वाहिलेली राळ, घट्ट झालेली. एक खडा त्यांनी महाविद्यालयाच्या संग्रहासाठी मागितला, मी दिला. ओल्या कागदात जपलेली चार पानंही दिली. दुसरा खडा, काडी लावलेला, मी घरी आणला आणि देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवला.

आषाढात बाबांचं वर्षश्राद्ध आलं. पाऊस तसाच. भटजी जाऊन जेवणं आटपल्यावर आईने धुपाटण्यात निखारे घेतले आणि डबी उघडली. तिच्या मनात काय आहे ते मला तत्क्षणी कळलं आणि मी म्हटलं, ‘आई, ते कोटी वर्षांचं आहे.’

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘सर सांगत होते तेव्हा मी पण होते तिथेच.’ मग खडा अडकित्त्यात धरून तिने त्याचे दोन तुकडे केले. ‘त्या दिवशी राळ पुरली नव्हती.’

म्हणजे वर्षभर तिला माहीत होतं.

मी काही बोलले नाही. तिने अर्धा तुकडा निखाऱ्यांवर ठेवला. आधी कडेने वितळला, बुडबुडे आले, मग पांढरा दाट धूर उठला. बाहेर पावसाचा पडदा होता, धुराला जायला वाट नव्हती. तो पडवीत, मग माजघरात, मग बाबांनी रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला लागून वर वाशांपर्यंत गेला. आईने दुसरा अर्धा डबीत परत ठेवला, झाकण लावलं आणि मला म्हणाली, विहिरीवरून पाणी आण, भांडी पडलीत.

मी पायरीवर उभी राहून पोहरा सोडला. पाणी काठापासून अवघं सहा हात खाली आलं होतं.